हात मोकळा ठेवा: विज्ञान संग्रहालयं आणि हातातल्या यंत्रांची सत्तर वर्षं



हा भाग तुम्ही बहुतेक मोबाईलवरच ऐकताय. मोबाईल खिशात, आवाज कानात आणि हात मात्र दुसऱ्याच कामात. कुणी भांडी घासतंय, कुणी हार्बर लाईनच्या गर्दीत हँडल धरून उभं आहे. आजच्या गोष्टीत हे 'हात दुसऱ्या कामात' फार महत्त्वाचं आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

आजचा विषय आहे विज्ञान संग्रहालयं आणि तिथे येणाऱ्या माणसाच्या हातात दिलेली यंत्रं. म्हणजे रेडिओ, टेपरेकॉर्डर, पामटॉप, कार्ड, पेन आणि शेवटी आपला मोबाईल. प्रत्येक नवं यंत्र आलं की कुणीतरी म्हणालं, आता संग्रहालय जिवंत होणार. मग काय काय झालं, ते बघूया. आणि शेवटी नवी मुंबईत येऊया, कारण आपल्या शहराला यातून एक निर्णय घ्यायचा आहे.

पॉडकास्टचे आजोबा

साल १९५२. ठिकाण नेदरलँड्समधलं आम्स्टरडॅम. तिथल्या स्टेडेलिक म्युझियमने एक अफलातून कल्पना लढवली. प्रदर्शनाच्या दालनांभोवती तारेची अँटेना फिरवली. एका टेपरेकॉर्डरवर माहितीची टेप लावली आणि तिचा आवाज लघुलहरींवर दालनातल्या दालनात प्रसारित केला. येणाऱ्या प्रेक्षकांच्या हातात एक छोटा रिसीव्हर आणि कानाला लावायचं यंत्र. म्हणजे संग्रहालयाचं स्वतःचं, चार भिंतींतलं रेडिओ स्टेशनच!

यात एक गंमत होती. टेप एकच, आणि ती सगळ्यांसाठी एकदमच वाजायची. त्यामुळे अख्खा घोळका एकाच वेळी एकाच चित्राकडे बघायचा आणि मग एकदमच पुढे सरकायचा. लांबून बघणाऱ्याला शाळेची कवायत वाटावी. तुम्हाला एखादं चित्र आवडलं आणि तिथे दोन मिनिटं जास्त थांबावंसं वाटलं, तर टेप थांबायची नाही.

पुढे प्रत्येकाच्या गळ्यात स्वतंत्र टेपरेकॉर्डर आला. अमेरिकेत १९५७ मध्ये अकूस्टिगाईड नावाची कंपनी सुरू झाली. तिच्या पहिल्या टेपसाठी आवाज दिला एलेनॉर रूझवेल्ट यांनी, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नीने. हाईड पार्कमधलं घर बघायला येणाऱ्यांना त्या घरातलीच बाई घर दाखवत होती. विचार केला तर हा पॉडकास्टच की! फक्त एका जागी उभं राहून ऐकायचा.

ही पद्धत टिकली, आणि आजही जगभरच्या संग्रहालयांत टिकून आहे. का टिकली? चित्राला किंवा मूर्तीला आपण हात लावत नाही. डोळे वस्तूवर, कान आवाजाकडे, हात पाठीमागे. कुणी कुणाच्या आड येत नाही.

पण जिथे हात लावायचाच असतो, अशा संग्रहालयाचं काय?

हात लावा, नाहीतर परत जा

आता जरा अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला जाऊया, सॅन फ्रान्सिस्कोला. फ्रँक ओपनहायमर हे नाव ऐकलंय? अणुबॉम्बवाले रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे भाऊ. तेही भौतिकशास्त्रज्ञ. १९४९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाशी असलेल्या जुन्या संबंधांमुळे त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. मग त्यांनी कोलोरॅडोत गुरं पाळली आणि पुढे तिथल्याच एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. मुलांना पुस्तकापेक्षा वस्तू हाताळून जास्त कळतं, हे त्यांनी त्या वर्गात रोज बघितलं. १९६५ मध्ये ते युरोपात गेले, तिथली विज्ञान संग्रहालयं पाहिली आणि १९६९ मध्ये त्यांनी एक्सप्लोरेटोरियम सुरू केलं. तिथे प्रेक्षकांनी प्रयोग स्वतः फिरवायचे, ढकलायचे, त्यांच्याशी खेळायचं आणि 'असं का झालं?' हा प्रश्न घेऊन पुढच्या प्रयोगाकडे जायचं.

याच सुमाराला भारतातही असं काही उभं राहत होतं. कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय १९५९ चं. त्याच संस्थेने १९६५ मध्ये फिरतं विज्ञान प्रदर्शन सुरू केलं, म्हणजे बसमध्ये बसून गावात येणारं संग्रहालय. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली.

आणि मुंबईत? वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. नवी मुंबईतल्या शाळांच्या कितीतरी पिढ्या सहलीला तिथे गेल्या आहेत. ते एका दिवसात उभं राहिलं नाही. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं दालन सुरू झालं. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष, त्या वर्षी उघड्यावरचं विज्ञान उद्यान आलं. आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पूर्ण केंद्राचं उद्घाटन झालं. इमारत अच्युत कानविंदे यांची. हे मूळचे आपल्या कोकणातले, सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे.

अशा केंद्रात मूल काय करतं? दोरी खेचतं, चाक फिरवतं, आरशासमोर वाकुल्या दाखवतं, नळीत तोंड घालून ओरडतं. दोन्ही हात गुंतलेले. शेजारचा मित्र 'ए, मला दे ना' म्हणत ढकलतोय. या धक्काबुक्कीतच शिकणं चाललेलं असतं.

आता या मुलाच्या हातात एक स्क्रीन द्या. काय होईल?

१९९८: हातात कॉम्प्युटर आला

हा प्रश्न ज्यांनी मनापासून विचारला आणि तपासून पाहिला, ते एक्सप्लोरेटोरियमचेच लोक. १९९८ मध्ये त्यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या संशोधकांना आणि कॉनकॉर्ड कन्सॉर्शियम या शिक्षणसंस्थेला सोबत घेऊन 'इलेक्ट्रॉनिक गाईडबुक' नावाचा प्रकल्प हाती घेतला. तेव्हा आयफोन यायला अजून नऊ वर्षं होती. त्यांच्याकडे पामटॉप होते, म्हणजे तळहातावर मावणारे छोटे कॉम्प्युटर. कल्पना अशी की प्रयोगाजवळ गेलं की तिथली खूण ते यंत्र ओळखेल आणि स्क्रीनवर त्या प्रयोगाचं पान उघडेल. पानावर माहिती, व्हिडिओ, करून बघायच्या नव्या युक्त्या.

कागदावर झकास. प्रत्यक्षात पहिली अडचण अगदी साधी निघाली: यंत्र धरायचं कुठे? प्रयोगाला दोन हात हवेत आणि एका हातात कॉम्प्युटर. खाली ठेवावा तर महागडी वस्तू, काखेत धरावा तर पडायची भीती. काही प्रयोगांत पाणी असतं, वाळू असते, तिथे तर आणखी जपायचं.

दुसरी अडचण नजरेची. माणूस स्क्रीन वाचत राहिला की समोरचा प्रयोग बाजूला पडतो. आणि तिसरी सोबतीची. घरचे चौघं एकत्र आले असतील, तर यंत्र हातात असलेला आपल्याच नादात आणि बाकीचे तिघं ताटकळलेले. ज्या जागेचं सगळं वैभव एकमेकांशी बोलण्यात आणि ढकलाढकलीत, तिथे माणूस एकटा पडला.

पण मंडळी, हा प्रयोग फसला असं म्हणू नका, कारण त्यातूनच एक महत्त्वाची गोष्ट हाती आली. जागेवरच माहिती वाचण्यापेक्षा लोकांना एक वेगळीच सोय आवडली: 'मी इथे काय केलं, ते नंतर घरी बघता येईल का?' म्हणजे माहिती देणाऱ्या यंत्रापेक्षा आठवण ठेवणारं यंत्र हवं होतं.

म्हणून पुढच्या टप्प्यात त्यांनी स्क्रीनच काढून टाकला. त्याऐवजी प्रेक्षकाला एक छोटं कार्ड, आत रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप. आपल्या मेट्रो कार्डाचा भाऊ समजा. आवडलेल्या प्रयोगाजवळ कार्ड टेकवायचं की नोंद झाली. काही ठिकाणी तर कॅमेरा तुमचा त्या प्रयोगासोबतचा फोटोही काढायचा. घरी जाऊन वेबसाईट उघडली की तुमचं स्वतःचं पान तयार. कार्ड टेकवायला एक सेकंद, मग ते खिशात आणि हात पुन्हा मोकळे.

हीच कल्पना न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट या डिझाईन संग्रहालयाने २०१५ मध्ये आणखी पुढे नेली. तिथे प्रत्येकाच्या हातात एक जाडसर पेन देत. वस्तूशेजारच्या पाटीवर पेनचं टोक टेकवलं की वस्तू तुमच्या संग्रहात. बाहेर पडताना पेन परत करायचं आणि तिकिटावर छापलेल्या पत्त्यावर आपला संग्रह बघायचा.

मग सगळ्यांच्या खिशात यंत्र आलं

इथवरच्या गोष्टीत यंत्र संग्रहालयाचं होतं. ते विकत घ्यायचं, चार्ज करायचं, पुसायचं, चोरीला जाऊ नये म्हणून बघायचं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने २०१२ मध्ये माहिती सांगायला पाच हजार निन्टेंडो गेमिंग यंत्रं आणली होती! पण तोवर वारं फिरलं होतं. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने २०१० मध्येच स्वतःचं ॲप काढलं होतं. ते तुम्ही कुठे उभे आहात ते सांगायचं आणि डायनासोरपर्यंतचा रस्ता दाखवायचं.

आपल्याकडे खरा बदल झाला २०१६ नंतर. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि जो मोबाईल फोन करण्यापुरता होता त्यावर व्हिडिओ धावू लागले. क्यूआर कोड तर त्याच्या कितीतरी आधीचा. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारीच्या सुट्या भागांवर नजर ठेवायला बनवला. आज तो वडापावच्या गाडीवरही आहे आणि संग्रहालयातल्या पाटीवरही.

क्यूआरचा एक मोलाचा उपयोग आपल्या पुण्यात झाला. तिथल्या सी-डॅकने, म्हणजे 'परम' महासंगणक बनवणाऱ्या संस्थेने, भारतातल्या संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची डिजिटल नोंदीची प्रणाली तयार केली आणि 'दर्शक' नावाचं ॲपही केलं. वस्तूजवळचा क्यूआर कोड स्कॅन केला की माहिती मिळते, आणि हे मुख्यतः दिव्यांग प्रेक्षकांसाठी आहे. जो पाटी वाचू शकत नाही, त्याच्यासाठी बोलणारा मोबाईल ही चैन नाही, तो त्याचा प्रवेशाचा दरवाजा आहे.

मग आला २०२० चा मार्च. कोविड. 'हात लावा' हेच ज्यांचं ब्रीद, त्या विज्ञान केंद्रांना हात लावणं हाच धोका झाला. केंद्रं बंद पडली. उघडली तेव्हा क्यूआर कोडांची संख्या वाढलेली. पण १९९८ चा प्रश्न तसाच समोर उभा होता. डाव्या हातात मोबाईल, उजव्या हाताने स्कॅन, नजर स्क्रीनवर. प्रयोगाचं काय? आणि आता तर त्या स्क्रीनवर व्हॉट्सॲपही आहे, रील्सही आहेत.

मोबाईल हाच प्रयोग झाला तर?

यातून बाहेर पडायची एक वाट मला सगळ्यात आवडते. मोबाईल हे माहितीचं पान न मानता मोजमापाचं यंत्र मानायचं.

तुमच्या फोनमध्ये काय काय आहे, बघा. वेग बदलला की ओळखणारा सेन्सर. दिशा दाखवायला चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर. माईक, कॅमेरा, काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणाराही. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये 'फायफॉक्स' नावाचं मोफत ॲप काढलं. ते हे सेन्सर उघडून तुमच्या पुढ्यात ठेवतं.

करून बघा. खारघरच्या किंवा नेरूळच्या एखाद्या टॉवरच्या लिफ्टमध्ये फोन जमिनीवर सपाट ठेवा आणि त्वरणाचा आलेख सुरू करा. लिफ्ट थांबलेली असताना आकडा ९.८ च्या आसपास दिसेल. तो गुरुत्वाचा. लिफ्ट वर निघताना आकडा क्षणभर वाढतो, मधल्या प्रवासात पुन्हा ९.८ वर येतो आणि वर पोहोचून थांबताना खाली घसरतो. पोटात जे 'कसंतरी' होतं ना, त्याचा हा आलेख! आणि बघा, फोन जमिनीवर आहे. हात मोकळे, डोळे आलेखावर, आणि सोबतचे सगळे वाकून बघतायत.

कागदाचा सूक्ष्मदर्शक 'फोल्डस्कोप' हाही याच कुळातला. स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणाऱ्या मनू प्रकाश यांच्या गटाने तो २०१४ मध्ये जगापुढे आणला. घडी घालून बनवायचा, छोटं भिंग बसवायचं आणि हवं तर मोबाईलच्या कॅमेऱ्याला जोडायचं. कांद्याचा पापुद्रा थेट स्क्रीनवर.

आणि यंत्र न देताही हात कसा कामाला लावायचा, हे बघायचं असेल तर पुन्हा पुणे गाठा. आयुकाच्या आवारात पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे अरविंद गुप्ता यांनी २०१४ पर्यंत काम केलं. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, घन, रेणूंच्या रचना. टाकाऊतून खेळणी. आणि हे सगळं त्यांनी व्हिडिओ करून इंटरनेटवर फुकट ठेवलं. मोबाईल समोर टेकवून ठेवायचा, व्हिडिओ बघायचा आणि दोन्ही हातांनी खेळणं बनवायचं. यंत्र कुठे असावं, याचं याहून सोपं उत्तर मला माहीत नाही.

आता आपल्या शहराकडे

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवं शहर आखायला सुरुवात झाली. १९९२ मध्ये महापालिका आली. रस्ते, स्टेशनं, कॉलेजं, आयटी पार्क, सगळं आलं. पण विज्ञान केंद्र बघायचं तर पोरांना खाडी ओलांडून वरळीला न्यावं लागत राहिलं. महापालिकेने नेरूळच्या वंडर्स पार्कच्या आवारात विज्ञान केंद्राचा प्रकल्प हाती घेतला, तो या पार्श्वभूमीवर. आणि आजच्या काळातलं केंद्र म्हटलं की टच स्क्रीन, ॲप, चष्मे लावून बघायचं आभासी जग, याची चर्चा होणारच. व्हायलाच हवी. फक्त या सत्तर वर्षांतून तीन गोष्टी आपण मागून घ्यायला हव्यात.

पहिली: प्रयोगासमोर असताना हात प्रयोगाचे. मोबाईलने कानात बोलावं, नोंद ठेवावी नाहीतर स्वतः मोजमापाचं यंत्र व्हावं. वाचायची लांबलचक पानं घरासाठी राखून ठेवावीत.

दुसरी: मराठी. आवाजातली माहिती देणार असाल तर ती आधी मराठीत द्या, आणि ऐकताना कळेल अशा मराठीत. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञानाचं काम करते आहे. म्हणजे भाषा तयार आहे, लिहिणारे तयार आहेत. पुस्तकी भाषांतर वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज कुणीही दहा सेकंदांत बंद करतं. पॉडकास्टवाल्याकडून हे लिहून घ्या.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: ज्याच्याकडे फोन नाही त्याचं काय? आपण 'सगळ्यांकडे मोबाईल असतो' असं सहज म्हणतो. पण विज्ञान केंद्रात सगळ्यात जास्त येतात शाळेची मुलं. बऱ्याच शाळा सहलीला फोन आणू देत नाहीत. महापालिकेच्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरी एकच फोन असतो आणि तो आई किंवा बाबा कामावर घेऊन गेलेले असतात. प्रयोगाची अर्धी गंमत जर क्यूआर कोडामागे ठेवली, तर ती गंमत या मुलांसाठी बंद. तिकीट काढूनही ती दाराबाहेरच राहणार.

यावर उपाय आहेत. एक्सप्लोरेटोरियमचं कार्ड आठवा. स्वस्त, केंद्राने द्यायचं, फोन लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये संग्रहालयाची बस सुरू केली. त्या बसमध्ये टॅब्लेट आहेत, पण ते संग्रहालयाचे. मुलाने घरून काही आणायचं नाही. किंवा पाच मुलांत एक यंत्र द्या, एकाने मोजायचं, बाकीच्यांनी प्रयोग करायचा, मग आळीपाळी. यात पैसेही वाचतात आणि मुलं एकमेकांशी बोलतात.

१९५२ मध्ये आम्स्टरडॅमच्या त्या दालनात सगळे एकाच तालावर चालत होते, कारण यंत्र तसं होतं. आपल्याकडे आता यंत्रं भरपूर आहेत आणि निवडायची मोकळीकही आहे. नेरूळच्या केंद्रात सहलीला आलेली पाचवीतली मुलगी दोन्ही हातांनी दोरी खेचून स्वतःला वर उचलू शकली, खिशात फोन असो वा नसो, तर आपण नीट निवडलं असं म्हणता येईल.

तर, आजच्या पुरतं एवढंच. लिफ्टचा प्रयोग नक्की करून बघा आणि तुमचा आलेख कसा आला ते आम्हाला कळवा. फक्त सोसायटीच्या वॉचमनकाकांना आधी सांगा, नाहीतर लिफ्टमध्ये फोन ठेवून खाली वाकलेले तुम्ही आणि दारात उभे ते, असा सीन व्हायचा!

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा आणि हात मोकळा ठेवा.